भुवयांची चौकशी

"काका, याचा मोठा फायदा म्हणजे तुम्ही व्यायाम करताय हे कुणाला कळतसुद्धा नाही," असं फिजिओथेरपीवाल्या मुलीनं निरीक्षकांना सांगितलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. कुणाला कळणार नाही अशी जी गोष्ट असते, ती आधी शेजाऱ्यांना कळते, मग पत्त्यांच्या मंडळाला कळते आणि शेवटी इतिवृत्तात तिच्यावर ठराव होतो, एवढं साधं व्यवहारज्ञान त्या मुलीला नव्हतं. ती जेमतेम पंचविशीची. तिला तरी काय दोष देणार?

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले, झिजवलेली वजनं जप्त केली आणि पोकळ मापांच्या मालकांना घाम फोडला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते समोर उभे राहिले की भाजीवाला घाबरून दोन टोमॅटो जास्त घालायचा, आणि निरीक्षक ते दोन्ही उचलून परत ठेवायचे. "जास्त देणं हेही चुकीचंच माप," असं वर ऐकवायचे. माणूस तसा कंटाळवाणा, पण त्याच्या शब्दाला गल्लीत सोन्याच्या वजनाचा मान होता. आणि त्यांच्याकडे, खरं सांगायचं तर, त्या मानाशिवाय मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तर अशा माणसाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं, असं डॉक्टर म्हणाले; डॉक्टरांना काय, ते घरी गेले. निरीक्षक मात्र खोकले की थोडं, खुर्चीतून उठले की थोडं, जिना उतरताना थोडं, असे दिवसभर गळत राहिले. नळ कितीही घट्ट फिरवला तरी थेंब सुटायचा राहत नाही, तशी गत. पंधरा-वीस मिनिटं सलग कुठे बसायची सोय उरली नाही. गल्लीत त्यांनी ऑपरेशन हर्नियाचं होतं असं सांगितलं. कारण हर्निया म्हटलं की लोकांची नजर पोटापाशी थांबते. प्रोस्टेट म्हटलं की ती आणखी खाली उतरते, आणि मग वर यायचं नाव घेत नाही.

फिजिओथेरपीवालीनं त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, ती सगळं तोलून धरते. ऑपरेशननं, वयानं, जुनाट खोकल्यानं, बायकांत बाळंतपणानं ती सैल पडते. आणि हळूहळू व्यायाम केला तर पुष्कळदा पुन्हा बळकट होते. निरीक्षकांना 'तोलून' हा शब्द आवडला. त्यांनी खिशातून डायरी काढली.

"लघवी अडवताना जे आवळतं ना काका, ते आवळायचं. चारचौघांत वारा सरायला लागला की जे आवळता, तेही. वर उचलल्यासारखं. पाच मोजेपर्यंत धरायचं, मग पूर्ण सोडायचं, तेवढीच विश्रांती. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. पोट आत ओढायचं नाही. मांड्या आवळायच्या नाहीत."

"मग उरलं काय?" निरीक्षकांनी विचारलं.

"जे उरलं तेच करायचंय, काका. आणि खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं."

आता, दहा त्रिक तीस. पण सरकारी नोकरीत ज्याची हयात गेली त्याला हे पक्कं ठाऊक असतं की कागदावर दिलेला आकडा म्हणजे किमान उद्दिष्ट. निरीक्षकांनी पहिल्याच दिवशी दोनशे केले. पाचाऐवजी साठ मोजेपर्यंत धरलं. चौथ्या दिवशी परिस्थिती आधीपेक्षा वाईट झाली, तेव्हा डायरी घेऊन ते तणतणत दवाखान्यात गेले. मुलीनं आकडे वाचले आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे स्नायू आहेत, हाताखालचे कारकून नाहीत. दमले की तेही काम टाकतात. बेतानं करा. आणि सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. तुम्ही नुसतंच धरून बसलाय."

निरीक्षक ओशाळले आणि तिच्या मापावर आले. महिन्याभरात पाचाचे दहा सेकंद झाले, तेही तिच्या परवानगीनं. गळती निम्म्यावर आली. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त एक गोष्ट सोडून. खालचे स्नायू वर उचलले की निरीक्षकांच्या भुवयाही वर जायच्या. दोन्ही, जाडजूड, पांढऱ्या, थेट कपाळाच्या मध्यापर्यंत. दहा सेकंद तिथे थांबायच्या आणि सोडलं की खाली यायच्या. जणू आत कुठेतरी दोरीनं बांधल्या होत्या.

गॅलरीत बसून हे चालायचं, त्यामुळे गल्लीनं त्याची दखल घेतली. खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटलं, दाढ दुखतेय. समोरच्या इस्त्रीवाल्याला वाटलं, आपण शर्टाची घडी चुकवतोय म्हणून निरीक्षक तिकडून नापसंती दाखवतात. तो बिचारा महिनाभर पाठ करून इस्त्री करत होता. एक निवृत्त कंपाउंडर खास जिना चढून आले आणि हर्नियाच्या माणसानं आश्चर्य करू नये, टाक्यांवर ताण येतो, असा सल्ला देऊन चहा पिऊन गेले.

"अहो, तुमच्या भुवया खाली ठेवा," एका संध्याकाळी मटार सोलता सोलता बायको म्हणाली.

"त्याशिवाय होतच नाही ते. शरीररचनाच तशी आहे."

"काही रचना नाही. मी करतेय की."

"तू? कधी?"

"आत्ता. तुमच्याशी बोलायला लागल्यापासून हा तिसरा." तिनं एक शेंग सोलली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

 मग तिनं मटारांकडे बघत, दुधाचा हिशोब सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगितलं की धाकटी झाली तेव्हापासून तिला हा त्रास आहे. शिंक आली की पाय जुळवून उभं राहायचं. हसू आलं की काहीतरी काम काढून आत जायचं. तुम्ही पहिल्या दिवशी डायरी मोठ्यानं वाचून दाखवलीत तेव्हा मीही सुरू केलं. आता शिंकते सरळ.

"धाकटी एकतीस वर्षांची आहे," निरीक्षक म्हणाले.

"हो ना."

"म्हणून तू नाटकाला येत नव्हतीस?"

"विनोदी नाटकाला. रडक्याला आले होते की दोनदा."

निरीक्षकांना स्वतःची लाज वाटली. नाटकाला येत नाही म्हणून ते तिच्यावर दोनदा चांगलेच रागावले होते, आणि हौस नाही, दृष्टी नाही, असं बरंच काही बोलले होते. लोकांच्या तराजूतला गुंजभर फरक ओळखणाऱ्या माणसाला घरातली ही गोष्ट एकतीस वर्षं दिसली नव्हती. ते मटार सोलायला बसले, आणि सालं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात टाकायला लागले.

"संध्याकाळचा व्यायाम पत्ते खेळताना करत जा," तिनं दाणे वेचून घेत सुचवलं. "तिथे सगळेच तोंडं वेडीवाकडी करून बसलेले असतात. कोण बघतंय?"

कोण बघतंय! संसारात बायकोचा सल्ला शंभरदा बरोबर येतो, आणि एकशेएकाव्यांदा असा येतो.

वाचनालयाच्या माडीवर पत्त्यांचं मंडळ होतं. सभासद चाळीस, टेबलं दहा, आणि नियम अठ्ठावीस. चौघांचा डाव, समोरासमोरचे दोघे भिडू. निरीक्षकांचे भिडू होते घड्याळवाले. चौकातलं घड्याळदुरुस्तीचं चिंचोळं दुकान त्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांबच्या शहरात दिलेली, हा माणूस एकटा. गेली बावीस वर्षं हे दोघे रोज साडेपाच ते सात समोरासमोर बसत. एकमेकांना 'अरे-तुरे' करणारं माणूस दोघांनाही आता फारसं उरलं नव्हतं, त्यामुळे हा दीड तास दोघांनाही औषधासारखा होता. फक्त तसं बोलून दाखवायची दोघांच्यात पद्धत नव्हती.

घड्याळवाल्यांची खासियत अशी की त्यांना पान टाकायची घाई नसे. पाळी आली की ते हातातली पानं उघडलेल्या घड्याळासारखी निरखत बसायचे. खाली मान, शब्द नाही. निदान दहा-बारा सेकंद. बाकीचे दोघे उसासे टाकायचे. निरीक्षकांनी मात्र हा वेळ सत्कारणी लावला. घड्याळवाल्यांची पाळी आली की आवळायचं, मनात दहा मोजायचे आणि सोडायचं; त्यांचं पान त्यानंतरच पडायचं. दोन डावांत दहा पूर्ण. वेगळा वेळ काढायला नको, घड्याळ बघायला नको. इतकी सोयीची व्यवस्था आयुष्यात जमली नव्हती, असं त्यांनी डायरीत लिहूनही ठेवलं.

आणि मग ते जिंकायला लागले. यात जादू काही नव्हती. आधी निरीक्षक डावातून तीनदा उठून जायचे आणि परत आले की हुकमाची किती पानं पडली हे विसरलेले असायचे. आता ते खुर्चीला चिकटून बसत होते, शेवटच्या हातापर्यंत. सलग अकरा डाव जिंकून ही जोडी वार्षिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली. समोर जोडी होती मोजणीदारांची.

मोजणीदार म्हणजे जमिनीच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. भावाभावांतली बांधाची भांडणं साखळी टाकून सोडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे रेषा सरळ दिसली की त्यांना संशय यायचा. चौथ्या हाताला त्यांनी आपली पानं टेबलावर पालथी घातली आणि खिशातून एक वही काढली.

"अध्यक्ष, खेळ थांबवा. नियम नऊ. खुणा."

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक खुर्च्या वळवून बसले.

"गेल्या तीन आठवड्यांची नोंद आहे," मोजणीदार वाचायला लागले. "निरीक्षकांच्या भुवया एकूण एकशे सव्वीस वेळा वर गेल्या. त्यातल्या एकशे एकोणीस वेळा पाळी घड्याळवाल्यांची होती."

"आणि बाकीच्या सात वेळा?" अध्यक्षांनी विचारलं.

"खोकले."

निरीक्षक उठून उभे राहिले.  "मी खूण केलेली नाही."

"मग भुवया का वर जातात?"

"ते... ते माझं वैयक्तिक आहे."

"भुवया वैयक्तिक असल्याचे सांगितले," चिटणीसांनी पुटपुटत लिहून घेतलं. हा चिटणीस पोस्टातून निवृत्त झाला होता आणि कागदावर न आलेली गोष्ट घडलीच नाही, अशी त्याची श्रद्धा होती.

स्पर्धा तहकूब झाली. रविवारी सकाळी दहाला चौकशी, लेखी खुलासा दोन प्रतींत, आणि भुवया अनैच्छिक असतील तर तसा तज्ज्ञाचा दाखला. दोषी ठरल्यास दोन्ही भिडूंचं सभासदत्व रद्द आणि नावं फळ्यावर. फळा खालच्या मजल्यावर, दारातच होता; वर्तमानपत्र वाचायला येणारा प्रत्येक माणूस तो वाचायचा. चौतीस वर्षं दुसऱ्यांची नावं अशा फळ्यांवर लावणारे निरीक्षक जिना उतरताना त्या फळ्याकडे बघू शकले नाहीत.

दाखल्यासाठी ते आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. भुवई डोळ्याला लागून असते, हा त्यामागचा विचार. डॉक्टरांनी तासभर तपासलं, भुवया आपल्या हद्दीत येत नाहीत असं सांगितलं आणि चष्म्याचा नंबर बदलून दिला. त्वचेच्या डॉक्टरांनी, भुवई हलते म्हणजे त्वचेचा प्रश्न नाही, नसेचा आहे, म्हणून पुढे पाठवलं. ज्यांनी ऑपरेशन केलं होतं ते डॉक्टर दाखला द्यायला एका पायावर तयार होते, पण त्यांनी त्यात सगळं खरं लिहिलं. प्रोस्टेट, लघवी, गळती, व्यायाम, खाली शिक्का. निरीक्षकांनी तो दाखला घरी आणून जुन्या वीजबिलांच्या खाली दडपला.

शनिवारी दुपारी ते चौकात गेले. घड्याळवाल्यांच्या डोळ्याला भिंग लावलेलं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"एकच सांग," घड्याळवाले म्हणाले. "खुणा करत होतास का?"

"नाही."

"मग काय करत होतास?"

 दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तरी शब्द फुटेना.

"बावीस वर्षं तुझ्यासमोर बसतोय. लोक म्हणतात मी तुझ्या भुवया वाचतो. अरे, मी पानांतून मान वर काढत नाही. तुला भुवया आहेत की नाहीत हे मला शपथेवर सांगता आलं नसतं." त्यांनी भिंग काढून ठेवलं. "तू काहीतरी लपवतोयस. लपवतोयस म्हणजे काहीतरी आहे. मला इतरांचं काही नाही, पण तू माझ्या तोंडावर गप्प बसलास. उद्या मी राजीनामा देतो. खुणा केल्या असशील तरी, आणि नसशील तरी."

निरीक्षक घरी आले आणि कोटासकट पलंगावर बसले. बायकोनं पाणी आणून दिलं.

"सांगून टाका," ती म्हणाली.

"चाळीस माणसांसमोर? मी उभं राहून सांगू, की मी... अगं, मग मला बाजारात कोण विचारेल?"

"मी एकतीस वर्षं नाही सांगितलं. काय मिळालं मला? सगळ्या नातेवाइकांच्या घरी बाथरूम कुठे आहे ते तेवढं तोंडपाठ झालं." ती त्यांच्याशेजारी बसली. "तुम्हाला खोटा म्हणतील याची भीती वाटतेय की गळका म्हणतील याची?"

निरीक्षकांनी कोट काढून ठेवला. मग ते उठले आणि वीजबिलांचा गठ्ठा सोडायला लागले.

रविवारी माडी खचाखच भरली होती. एरवी वार्षिक सभेला कोरम जमत नाही, पण दुसऱ्याची अब्रू जाणार म्हटलं की माणसं वेळेवर येतात. मोजणीदारांनी भिंतीवर आलेख लावला होता. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर सेकंद, आणि मध्ये लाल शाईत भुवया. घड्याळवाले शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसले होते, खिशात राजीनामा.

निरीक्षक उठले. नव्या नंबरच्या चष्म्यातून सगळ्यांचे चेहरे नको इतके स्पष्ट दिसत होते.

"मी आयुष्यात एकच खोटं माप दिलंय," ते म्हणाले. "ते पत्त्यांत नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं नाही, प्रोस्टेटचं झालं. त्यानंतर मला लघवी धरवत नव्हती. त्यासाठी एक व्यायाम दिलाय. खालचे स्नायू आवळून दहा मोजेपर्यंत धरायचे आणि सोडायचे. घड्याळवाल्यांना पान टाकायला वेळ लागतो, म्हणून त्यांची पाळी आली की मी तो करतो. त्या वेळी भुवया वर जातात. त्या जाऊ नयेत म्हणून पुष्कळ प्रयत्न केला. खोकल्याआधीही आवळायचं असतं. ते सात त्यातले. दाखला जोडलाय. घड्याळवाल्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं."

एवढं बोलून ते खाली बसले. त्यांचे कान लाल झाले होते. 

"काय लिहू?" चिटणीसांनी हळूच विचारलं.

"सांगितलं ते लिहा," अध्यक्ष म्हणाले.

"नक्की काय आवळतात, ते स्पष्ट लिहू की मोघम?"

तेवढ्यात मोजणीदार उठले. "माझी हरकत आहे. नुसत्या तोंडी सांगण्यावर निकाल देता येणार नाही. प्रात्यक्षिक हवं."

आणि ते झालं. एका प्रतिष्ठित वाचनालयाच्या माडीवर, सकाळी अकराच्या सुमारास, चाळीस सभासदांच्या साक्षीनं निवृत्त निरीक्षकांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले. भुवया वर गेल्या. मोजणीदार हातातल्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. भुवया खाली आल्या.

"दहा," मोजणीदार म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा दहा. तिसऱ्यांदाही दहा. मोजणीदारांनी वही काढली, पानं उलटली, आलेखापाशी गेले, बोटानं रेषा तपासली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळाच भाव आला. साखळी टाकल्यावर बांध खरंच सरळ निघावा, तसा.

"माझ्याच नोंदी आहेत या," ते सावकाश म्हणाले. "एक्का पडो की दुर्री, इस्पिक असो की बदाम, प्रत्येक वेळी दहा सेकंद. खूण असती तर पानागणिक बदलली असती. ही खूण नाही." त्यांनी आलेख भिंतीवरून काढला आणि गुंडाळला. "इतक्या अचूक माणसावर मी संशय घेतला. मी माफी मागतो."

अध्यक्षांनी तक्रार निकाली काढली. चिटणीसांनी ठराव वाचून दाखवला: 'सभासदांच्या भुवया प्रकृतीच्या कारणास्तव वर गेल्यास ती खूण धरण्यात येऊ नये.' सूचक मोजणीदार. अनुमोदन कोण देणार म्हणून अध्यक्षांनी सभागृहावर नजर फिरवली, तर कुणाचंच लक्ष नव्हतं. पंधरा-वीस म्हातारे शून्यात नजर लावून, कमालीचे गंभीर होऊन बसले होते, आणि निम्म्यांच्या भुवया वर होत्या.

हसण्याचा गडगडाट झाला. पण निरीक्षकांनी वळून खिडकीपाशी पाहिलं तेव्हा घड्याळवाल्यांची खुर्ची रिकामी होती. ते कधी उठून गेले, कुणी पाहिलं नव्हतं. लोक येऊन पाठ थोपटत होते, मोजणीदार कोपऱ्यात घेऊन 'बायकोसाठी विचारतोय' म्हणून किती वेळा आणि किती वेळ ते लिहून घेत होते, आणि निरीक्षकांना काही गोड लागत नव्हतं. अब्रू राहिली होती आणि भिडू गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळवाले दारात उभे होते. आत ये म्हटलं तरी येईनात. शेवटी निरीक्षकच चपला घालून बाहेर आले आणि दोघे जिन्यातच बसले, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या.

"तू चाळीस माणसांत बोललास," घड्याळवाले म्हणाले. "मला तुझा राग नाही आला रे. माझीच लाज वाटली. मला तीन वर्षं झाली."

"काय?"

"तेच. ऑपरेशनबिपरेशन काही नाही, नुसतंच. लागली की थांबत नाही. दर दोन तासांनी दुकानाचं शटर अर्धं ओढतो, लोकांना वाटतं जेवायला गेला. पोरीकडे सात तासांची बस आहे. मध्ये एकदाच थांबते. नात दहा महिन्यांची झाली, मी अजून पाहिली नाही तिला. पोरीला सांगतो, दुकान सोडवत नाही. परवा ती फोनवर म्हणाली, बाबा, मला मुलगी झाली म्हणून तुम्हाला यायचं नाही का?"

बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. निरीक्षकांना काय करावं कळेना. त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, घड्याळवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.

"ऊठ," मग ते म्हणाले. "आधी डॉक्टर. कशामुळे होतंय ते बघायला हवं. मग ती व्यायामवाली पोरगी. आणि हे बघ, सुरुवातीलाच दोनशे करायचे नाहीत."

डॉक्टरांनी तपासलं, थोडं औषध दिलं, काळजीचं कारण नाही म्हणाले आणि त्याच मुलीकडे पाठवलं. मंडळात उपांत्य फेरी पुन्हा झाली, आणि निरीक्षकांची जोडी सपाटून हरली. घड्याळवाले आता निरीक्षकांच्या पाळीला मोजायचे आणि निरीक्षक घड्याळवाल्यांच्या. पानांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. चषक मोजणीदारांनी नेला. या दोघांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. बारा आठवडे हे असं चाललं. मध्ये एकदा घड्याळवाल्यांनी कंटाळून सगळं सोडून दिलं होतं, तेव्हा निरीक्षकांच्या बायकोनं दुकानात जाऊन त्यांना असं काही सुनावलं की दुपारपासून पुन्हा सुरू झाले. काय सुनावलं ते दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही.

घड्याळवाले सकाळी सहाच्या बसनं पोरीकडे गेले. दुपारी एकला फोन यायला हवा होता. निरीक्षक बारापासून फोनसमोर बसले होते. सव्वा वाजला. दीड वाजला. बायको जेवायला बोलावून थकली. पावणेदोनला फोन वाजला आणि निरीक्षकांनी तो इतक्या घाईनं उचलला की आधी हातातून पडला.

"पोचलो," घड्याळवाले म्हणाले. मागे कुठेतरी एक बाळ जोरजोरात ओरडत होतं.

"बरं. आणि?"

"सात तास. एक थेंब नाही. कोरडा उतरलो, कोरडा घरात आलो, कोरडा खुर्चीत बसलो." घड्याळवाल्यांचा आवाज हसत होता की रडत होता, सांगणं कठीण होतं. "मग पोरीनं नातीला माझ्या मांडीवर ठेवलं, आणि अरे, तिनं मला कोटासकट नखशिखांत भिजवलं!"